स्त्रियांचा दयासंघ : त्याचा उगम आणि कार्य

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या प्रसंगीं बोलणाऱ्यानें मंदिर बांधणाऱ्यांचीं, घंटा देणाऱ्यांचीं आणि जमीन दान करणाऱ्यांचीं नांवें घ्यावीं, असा प्रघात आहे. तीं नांवें आज सकाळच्या पवित्र मिस्सेंत घेतलीं गेलीं, व या पुस्तिकेंतही तीं आपणांस वाचावयास मिळतील. म्हणून त्यांची पुनरुक्ति आम्ही करीत नाहीं. आपल्या धर्मग्रामाच्या दप्तरांत बाप्तिस्म्यांची वही आहे, लग्नांची आहे, मृतांची आहे, आणि जमाखर्चाची तर आहेच आहे. परंतु कोणत्या घरीं ताप आला असतां पेजेचें भांडें कोणीं पोहोंचविलें, कोणत्या बाळंतिणीपाशीं रात्र कोणीं जागून काढली, याची नोंद त्यांपैकीं एकाही वहींत नाहीं. हें काम करणाऱ्या बहुतकरून बायकाच होत्या, आणि कदाचित् त्यामुळेंच तें लिहून ठेवावें असें कोणास वाटलें नसावें.

गेल्या पावसाळ्यापासून आपल्या कांहीं भगिनींनीं आजारी व निराधार माणसांच्या सेवेसाठीं एक मंडळ काढण्याचा विचार चालविला आहे, हें आपणांस ठाऊक आहे. त्यावर बरीच चर्चा झाली, आणि ती सगळीच गोड झाली असें नाहीं. कोणी म्हणाले, वर्गणी गोळा करून एखादी पगारी बाई ठेवावी, म्हणजे काम बिनबोभाट होईल. कोणी म्हणाले, पैशाचा हिशेब बायकांच्या हातीं नको, तो पुरुषांच्या कमिटीकडे असावा. आणि कोणी, असलीं मंडळें आरंभशूर असतात, चार महिने गाजतात आणि मग त्यांची एक पाटी तेवढी भिंतीवर राहते, असें म्हणून हात झटकले. हे तिन्ही प्रश्न नवे नाहींत. चारशें वर्षांपूर्वीं फ्रान्स देशांतील एका लहान गांवांत ते सगळे उपस्थित झाले होते, व त्यांचीं उत्तरेंही तेथें मिळालीं. तीं कशीं मिळालीं हें सांगावें, एवढाच आमच्या बोलण्याचा हेतु आहे.

त्या गांवाचें नांव शातियों-ले-दोंब. लिओं शहराच्या उत्तरेस तें आहे. आज त्यास शातियों-स्यूर-शालारोन असें म्हणतात. १६१७ सालीं तेथें विन्सेंट दि पॉल या नांवाचे धर्मगुरु आले. त्यांचें वय त्या वेळीं छत्तीस होतें. ते शेतकऱ्याच्या घरीं जन्मलेले. लहानपणीं त्यांनीं बापाचीं गुरेंमेंढरें राखलीं होतीं. पुढें याजकपद मिळाल्यावर पॅरिसमधील एका बड्या सरदार घराण्यांत मुलांचे शिक्षक म्हणून त्यांस जागा मिळाली होती. तो मानमरातब सोडून ते या गांवीं आले, आणि अवघे पांच महिने राहिले. एका धर्मग्रामांत पांच महिन्यांत काय होऊं शकतें हें पाहिलें म्हणजे वर्षानुवर्षें एकाच ठिकाणीं मुक्काम ठोकलेल्या आम्हां धर्मगुरूंस जरा खालीं पाहावें लागतें!

ऑगस्ट महिन्यांतील एका रविवारीं ते मिस्सेचीं वस्त्रें अंगावर चढवीत असतां एका बाईनें येऊन सांगितलें कीं, गांवाबाहेर थोड्या अंतरावरच्या एका घरांत सगळें कुटुंब आजारी पडलें आहे. दुसऱ्याची शुश्रूषा करील असें एकही माणूस त्या घरांत उभें नाहीं. संत विन्सेंट यांनीं प्रवचनांत हीच हकीकत लोकांपुढें मांडली. दुपारच्या प्रार्थनेनंतर एका गृहस्थास बरोबर घेऊन ते स्वतः त्या घराकडे निघाले, तों वाटेवर त्यांस बायकांची रांगच लागली. कांहीं जात होत्या, कांहीं परतत होत्या. ऊन कडक असल्यामुळें कांहीं जणी वाटेच्या कडेला विसांवा घेत बसल्या होत्या. प्रत्येकीनें कांहीं ना कांहीं नेलें होतें. जणूं काय एखाद्या सणाची मिरवणूक चालली आहे, असें तें दृश्य होतें. हा प्रसंग त्यांनीं पुढें उतारवयांत धर्मभगिनींस स्वतःच्या तोंडानें सांगितलेला आहे.

आमच्यासारखा एखादा धर्मगुरु असता तर आपल्या प्रवचनाचा हा परिणाम पाहून फुगून गेला असता. विन्सेंट मात्र काळजींत पडले. त्यांच्या मनांत आलें कीं, या बायकांच्या ठायीं दया मोठी आहे, पण तिला व्यवस्था नाहीं. आज या आजाऱ्यांपुढें इतकें अन्न येऊन पडलें आहे कीं त्यांतलें पुष्कळ नासून जाईल. आणि आठ दिवसांनीं तींच माणसें पूर्वीसारखीं उपाशी राहतील. आपल्याकडे याहून निराळें होतें काय? ज्या घरीं मयत होतें, त्या घरीं पहिल्या दिवशीं दहा घरांतून डबे येतात, इतके कीं ठेवावयास जागा नसते. महिनाभरानें त्याच घरांतील विधवा चूल पेटवितें कीं नाहीं, हें शेजारणीसही ठाऊक नसतें. त्यांत कोणाची दुष्टाई नाहीं. जें सगळ्यांचें काम, तें कोणाचेंच नव्हे. आणि ज्या दिवशीं सगळेच येतात, त्याच्या दुसऱ्या दिवशीं कोणीच येत नाहीं.

तीन दिवसांनीं, २३ ऑगस्टला, गांवांतील कांहीं बायका एकत्र जमल्या आणि त्यांनीं वार वांटून घेतले. संघाचा खरा जन्म तो. त्यांचीं नांवें त्या वेळच्या कागदांत टिकून राहिलीं आहेत. त्यांपैकीं फ्राँस्वाझ बाशे व शार्लोत दि ब्री या दोघी श्रीमंत घरच्या. नटण्यामुरडण्यांत व मेजवान्यांत त्यांचा वेळ जात असे, असें त्यांच्याविषयीं सांगतात. नोव्हेंबरांत संघाच्या नियमावलीस लिओंच्या धर्मप्रांताची मंजुरी मिळाली, आणि ८ डिसेंबर १६१७ रोजीं, पवित्र मारियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या दिवशीं, गांवच्या इस्पितळाच्या चॅपेलांत संघाची विधिपूर्वक स्थापना झाली. नवऱ्याच्या किंवा आईबापांच्या संमतीनें विवाहित, विधवा व कुमारिका अशा सर्वांस त्यांत प्रवेश होता. मात्र संख्या विसांच्या वर जाऊं द्यावयाची नाहीं, असें ठरलें होतें. गर्दी झाली म्हणजे जबाबदारी पातळ होते, हें त्या धर्मगुरूनें त्या रविवारच्या वाटेवरच पाहिलें होतें.

ती नियमावली आम्हीं वाचली आहे, आणि आमच्या मतें संत विन्सेंट यांच्या साऱ्या लेखनांत तिच्याइतकें मनास भिडणारें दुसरें थोडेंच असेल. सेमिनरींत असतां त्यांचें चरित्र भोजनगृहांत मोठ्यानें वाचलें जात असे. परंतु त्यांत याजकांच्या सुधारणेचीं प्रकरणें सावकाश वाचलीं जात, आणि या बायकांचें प्रकरण आमटीभात संपतां संपतां उरकलें जाई. वास्तविक भोजनगृहांत वाचण्यास योग्य असें तेंच होतें. कारण त्यांत जेवण कसें वाढावें हें सांगितलें आहे. ज्या बाईची पाळी असेल तिनें स्वतः जेवण शिजवावें, आणि स्वतः घेऊन जावें. आजाऱ्याच्या जवळ गेल्यावर त्यास प्रसन्न मुद्रेनें व प्रेमानें भेटावें. बिछान्यावर तबक ठेवावें, त्यावर स्वच्छ रुमाल पसरावा, पेला, चमचा व पाव मांडावा. आजाऱ्याचे हात धुवावेत, भोजनापूर्वींची प्रार्थना म्हणावी, मग वाडग्यांत सूप ओतावें व बशींत मांस ठेवावें. मांस किती तेंही लिहिलें आहे : वासराचें किंवा मेंढ्याचें, पांच औंस. उपवासाच्या दिवशीं मांसाऐवजीं अंडीं व थोडें लोणी. येशूच्या व त्याच्या पवित्र मातेच्या प्रीतीस्तव चार घांस खा, असा आग्रह करावा. आणि हा सगळा आग्रह, आपला स्वतःचाच मुलगा आजारी पडला आहे असें समजून करावा. त्यास कापतां येत नसेल तर मांस कापून द्यावें, पेय ओतून द्यावें.

याच्या पुढें जो नियम आहे, त्याकडे आपण विशेष लक्ष द्यावें अशी आमची विनंती आहे. बाईनें प्रथम त्या आजाऱ्याकडे जावें, ज्याच्यापाशीं घरचें कोणी तरी माणूस आहे. आणि जो एकटा आहे त्याच्याकडे सर्वांत शेवटीं जावें. कां? एकट्यास शेवटीं ठेवणें हा अन्याय नव्हे काय? नव्हे. शेवटच्या घराहून तिला पुढें कोठेंच जावयाचें नसतें, म्हणून तिला त्याच्यापाशीं अधिक वेळ बसतां येतें. ज्यानें हें लिहिलें, तो कधीं तरी स्वतः एकटा आजारी पडून असावा, किंवा आजाऱ्याच्या उशाशीं बसलेल्या बाईचें तो नीट ऐकून घेत असावा. नुसत्या पोथीपांडित्यानें असली ओळ सुचत नाहीं. आणि आजारी मेला, व त्यास पुरण्यापुरताही पैसा घरांत नसला, तर कफनाची व खड्ड्याची तजवीज संघानें करावी, आणि आई आपल्या लेकराच्या प्रेताबरोबर जाते तशा संघांतील बायकांनीं त्याच्या प्रेताबरोबर जावें, असेंही त्यांत आहे.

आतां हिशेबाचा प्रश्न. शातियों येथें बायकांनीं आपल्यांतूनच एक प्रमुख व तिच्या साहाय्यिका निवडल्या. खजिन्याचें कामही त्यांच्यांतलीच एक पाहत असे. बाहेरच्या व्यवहारासाठीं एक सज्जन पुरुष कारभारी म्हणून त्यांच्या मदतीस होता. पुढें इतर कांहीं गांवीं पुरुष व स्त्रिया यांचे संयुक्त संघ काढून पाहण्यांत आले. त्यांचा अनुभव संत विन्सेंट यांनीं पुढें एका पत्रांत नमूद केला आहे, आणि तो इतका रोखठोक आहे कीं येथें सांगतांना आम्हांस थोडें हसूं येतें. त्याचा भावार्थ असा कीं, पैशाच्या कारभारांत पुरुष व स्त्रिया यांचें एकत्र जमत नाहीं. पुरुष सगळेंच आपल्या हातांत घेऊं पाहतात, आणि स्त्रियांस तें सोसवत नाहीं. पुरुषांनीं चालविलेले संघ त्यांनीं पाहिले, स्त्रियांनीं चालविलेले पाहिले, आणि स्त्रियांच्या हिशेबाविषयीं मात्र तक्रार करण्यास आपणांस जागा नाहीं, इतक्या त्या काळजीपूर्वक व प्रामाणिकपणें तो ठेवितात, असा अभिप्राय त्यांनीं दिला. हें एखाद्या स्त्रियांच्या कैवाऱ्यानें काल लिहिलेलें नसून सतराव्या शतकांतील एका धर्मगुरूनें लिहिलेलें आहे, हें आमच्या कमिटींतील सभ्य गृहस्थांनीं ध्यानांत ठेवावें.

संघ पुष्कळ गांवीं निघाले. १६१८ सालींच व्हिलप्रो, जोआन्यी, मोंमिराय या ठिकाणीं ते झाले. पण निघणें निराळें आणि चालणें निराळें. आरंभशूरपणाची जी शंका आपल्याकडे घेतली गेली, ती तेथें खरी ठरण्याची वेळ आलीच होती. वर्षें लोटलीं तशी कोठें पाळी चुकूं लागली, कोठें पैसा पडून राहिला, कोठें बायका आपसांत रुसल्या. त्यावर उपाय म्हणून १६२९ च्या मे महिन्यांत संत विन्सेंट यांनीं एका विधवेस पाहणीसाठीं मोंमिराय येथें पाठविलें. तिचें नांव लुईझ दि मारियाक. वय सदतीस, चार वर्षांपूर्वीं नवरा वारलेला, प्रकृति नाजूक, मन सदा धास्तावलेलें. ही बाई थंडीवाऱ्यांत प्रवास करून गांवोगांव फिरूं लागली. ती संघाच्या बायकांस जमवी, हिशेब तपाशी, स्वतः आजाऱ्यांच्या घरीं जाऊन पाही, आणि गांवांतील मुलींस चार अक्षरें व धर्मशिक्षण देण्याची कांहीं सोय होते काय, याचा शोध घेई. संघ टिकले ते तिच्या या पायपिटीमुळें, असें आमचें मत आहे. उपदेश करणारे पुष्कळ असतात. पुन्हां परत येऊन वही उघडून पाहणारें माणूस विरळा.

पॅरिस शहरांत संघ निघाले तेव्हां मात्र एक निराळीच अडचण उभी राहिली. खेड्यांतल्या बायका स्वतः चूल पेटवीत. शहरांतल्या बायका सरदारांच्या, न्यायाधीशांच्या, मोठ्या अंमलदारांच्या घरच्या. त्यांस उत्साह कमी नव्हता. पण सूपाचें भांडें हातांत धरून गल्लीबोळांतून जावयाचें कसें? कित्येकींच्या नवऱ्यांस संसर्गाचें भय वाटे. मग हळूहळू त्या आपल्या मोलकरणींस पाठवूं लागल्या. पैसा बाईसाहेबांचा, पुण्य बाईसाहेबांचें, आणि जिना चढावयाचा कोणीं तर मोलकरणीनें! आपल्याकडे यालाच आयजीच्या जिवावर बायजी उदार असें म्हणतात. मोलकरीण बिचारी हुकुमाची ताबेदार. भांडें दारांत ठेवून ती परत फिरली तर तिला नांव कोणीं ठेवावें?

ही अडचण दूर केली ती एका गुराखी मुलीनें. मार्गारित नाझो ही पॅरिसजवळच्या सुरेन गांवची. तिला वाचावयास शिकविणारें कोणी नव्हतें. तिनें एक बाराखडीचें पुस्तक विकत घेतलें. वाटेनें धर्मगुरु किंवा कोणी शिकलेला माणूस गेला कीं त्यास थांबवून चार अक्षरें विचारून घ्यावीं, गाईंमागें फिरतां फिरतां तीं घोकावीं, आणि दुसरा कोणी भेटला कीं पुढचीं चार विचारावीं, असें करीत ती वाचावयास शिकली. नंतर गांवोगांव जाऊन ती दुसऱ्या मुलींस शिकवूं लागली. पॅरिसमध्यें आजाऱ्यांची सेवा करण्यास माणसें हवीं आहेत असें कळतांच ती आपण होऊन आली. १६३३ सालीं प्लेग झालेल्या एका मुलीस तिनें आपल्या बिछान्यांत निजविलें, आणि तोच रोग लागून ती मेली. तिच्यामागून तशाच खेड्यांतल्या मुली येत गेल्या. त्याच वर्षीं २९ नोव्हेंबर रोजीं लुईझ दि मारियाक यांनीं त्यांपैकीं थोड्याजणींस आपल्या घरीं एकत्र ठेवून घेतलें, आणि दयाकन्या या नांवानें आज साऱ्या जगांत असलेला धर्मभगिनींचा संघ तेथून सुरू झाला.

म्हणून पगारी बाई ठेवावी कीं नाहीं, या प्रश्नाचें उत्तर आम्ही एका शब्दांत देत नाहीं. अंथरुणास खिळलेल्या माणसास कूस बदलून देणें, जखमा धुणें, औषधें वेळेवर देणें, हें शिकलेल्या हातांचें काम आहे, आणि त्यासाठीं शिकलेली परिचारिका हवीच. तिला वेतन द्यावें आणि चांगलें द्यावें. परंतु दयाकन्या आल्या म्हणून संत विन्सेंट यांनीं बायकांचा संघ मोडला नाहीं, ही गोष्ट विसरतां कामा नये. त्यांनीं दोघींस जोडीनें ठेविलें. पैसा देऊन मोकळें होण्याची सवलत त्यांनीं बाईसाहेबांस दिली नाहीं.

हें १६३४ सालीं स्पष्टच दिसून आलें. पॅरिसचें ओतेल-द्यू हें मोठें इस्पितळ; एकेका खाटेवर अनेक आजारी निजविलेले असत. मादाम गुसो या एका थोर घराण्यांतील विधवेनें तेथें जाऊन तें सगळें पाहिलें, आणि तिच्या आग्रहावरून तेथील आजाऱ्यांसाठीं उच्च कुळांतील स्त्रियांचा एक नवा संघ निघाला. थोड्याच काळांत शंभराहून अधिक स्त्रिया त्यांत आल्या. पाळीपाळीनें त्या दुपारीं खाऊचे पदार्थ घेऊन खाटांमधून फिरत. जातांना साधे कपडे घालावेत, म्हणजे गरिबास आपल्या गरिबीची टोंचणी लागणार नाहीं, अशी सूचना त्यांस होती. या संघाच्या सभासदांपैकीं एक मारी दि गोंझाग ही पुढें पोलंड देशची राणी झाली.

याच स्त्रियांच्या पुढें रस्त्यावर टाकलेल्या मुलांचा प्रश्न आला, आणि आमच्या समजुतीप्रमाणें त्यांच्या इतिहासांतील सर्वांत कठीण घटका ती होय. पॅरिसमध्यें दरवर्षीं शेंकडों तान्हीं मुलें मंदिरांच्या दाराशीं व गल्लींत टाकलेलीं सांपडत. तीं एका घरांत नेऊन ठेवीत. तेथें एक विधवा व एकदोन दासी यांच्याशिवाय कोणी नसे. दूध पुरत नसे. मूल फार रडलें तर त्यास अफूचें औषध पाजीत. भिकाऱ्यांस आठ आठ सू घेऊन मुलें विकलीं जात, आणि ते लोकांस दया यावी म्हणून त्यांचे हातपाय मोडीत, असें संत विन्सेंट यांनीं स्वतः सांगितलें आहे. १६३८ सालीं संघानें बारा मुलें सांभाळावयास घेतलीं. बाराच कां, तर तेवढ्यांचाच खर्च झेपण्यासारखा होता. आणि कोणतीं बारा, हें ठरविण्याचें धैर्य कोणांत असणार? त्यांनीं चिठ्ठ्या टाकल्या. ज्या तेराव्या मुलाची चिठ्ठी निघाली नाहीं, त्याचा विचार त्या बायकांस त्या रात्रीं झोंपूं देत असेल असें आम्हांस वाटत नाहीं. दोन वर्षांनीं, १६४० सालीं, त्यांनीं सगळींच मुलें घेण्याचा निर्णय केला.

मग खर्च वाढत गेला. देशांत युद्ध, धान्य महाग, देणाऱ्यांचे हात आंखडलेले. १६४७ च्या सुमारास संघाची सभा भरली ती हें काम चालूं ठेवावें कीं सोडून द्यावें, एवढ्याचसाठीं. सोडण्याच्या बाजूनें बोलणाऱ्या बायका निर्दय नव्हत्या. पैसा खरोखरच नव्हता. संत विन्सेंट यांनीं दोन्ही बाजू मांडल्या, आणि शेवटीं त्यांस इतकेंच सांगितलें कीं, आतांपर्यंत तुम्ही या लेकरांच्या आया होतां. आजच्यापुरतें आईपण बाजूस ठेवून त्यांचे न्यायाधीश व्हा. तुम्हीं घेतलें तर तीं जगतील, सोडलें तर मरतील. आतां मतें द्या. सभेनें काम सोडलें नाहीं. पैसा कोठून आला? कोणीं दागिने विकले, कोणी ओळखीपाळखीच्या दारीं हिंडल्या, राजघराण्याकडून मदत मिळविली. जें काम हिशेबाच्या वहीनें अशक्य ठरविलें होतें, तें चालूं राहिलें. पण वही त्यांनीं फेंकून दिली नाहीं, ती घेऊनच त्या दारोदार गेल्या.

युद्धानें उजाड झालेल्या लोरेन प्रांतास त्यांनीं पाठविलेल्या मदतीची एकच गोष्ट सांगून आम्ही पुढें जातों. हा पैसा पोहोंचविण्याचें काम माथ्यू रेनार या संत विन्सेंट यांच्या संघांतील एका बंधूकडे होतें. भिकाऱ्याच्या फाटक्या झोळींत सोन्याचीं नाणीं घालून, लुटारू सैनिकांच्या तळांमधून, त्यानें पन्नासाहून अधिक खेपा केल्या, आणि एकदांही तो लुटला गेला नाहीं. आपल्या खजिनदारांस एवढी पायपीट करावी लागणार नाहीं, अशी आशा आहे.

१६५७ सालीं या स्त्रियांपुढें बोलतांना संत विन्सेंट यांनीं एक विचार मांडला, तो आजही जड आहे. प्रेषितांच्या काळीं स्त्रियांस ख्रिस्तसभेंत सेवेचीं उघड कामें सोंपविलेलीं असत. फिबी होती, तबिथा होती, धर्मसेविका होत्या. पुढें ती प्रथा बंद पडली, आणि सुमारें आठशें वर्षें स्त्रियांस असें कांहीं काम उरलें नाहीं. तें पुन्हां तुमच्या हातून सुरू होत आहे, असें त्यांनीं सांगितलें. नवें कांहीं काढलें असा गर्व त्यांत नव्हता. हरवलेलें सांपडलें, असें म्हणणें होतें.

लुईझ दि मारियाक १६६० च्या मार्चांत व विन्सेंट त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत निवर्तले. विन्सेंट यांस १७३७ सालीं व लुईझ यांस १९३४ सालीं संतपद मिळालें, आणि १८८५ सालीं पोप तेरावे लिओ यांनीं संत विन्सेंट यांस दयाधर्माच्या सर्व संस्थांचे आश्रयदाते ठरविलें. मधल्या काळांत फ्रान्समधील राज्यक्रांतींत संघ मोडले गेले. ते १८४० च्या सुमारास पॅरिसमध्यें पुन्हां उभे राहिले. १८५७ सालीं अमेरिकेंतील सेंट लुई शहरीं एका धर्मग्रामांत तेथील पहिला संघ निघाला. १९७१ पासून या सर्व संघांस आंतरराष्ट्रीय दयासंघटना असें एकच नांव मिळालें आहे. आज पन्नासांहून अधिक देशांत तिचें काम चालतें. मेक्सिकोंत आहे, मादागास्करांत आहे. तबकाची व रुमालाची जागा पुष्कळ ठिकाणीं शिवणवर्गांनीं, बचतीच्या गटांनीं व मुलींच्या शाळांनीं घेतली आहे. परंतु गरिबाच्या दारीं स्वतः जाणें हा नियम तोच आहे.

आपल्या देशाशीं या इतिहासाचा संबंध दोन वाटांनीं आला. दयाकन्या १९४० सालीं स्पेनहून ओरिसांत, म्हणजे आतांच्या ओडिशांत, आल्या. दुसरी वाट आपल्या अधिक परिचयाची आहे. १८३३ सालीं पॅरिसमध्यें ओझानाम नांवाच्या विद्यार्थ्यानें व त्याच्या मित्रांनीं संत विन्सेंट दि पॉल यांच्या नांवानें जी संस्था काढली, तिच्या शाखा मुंबई-वसईकडच्या कित्येक धर्मग्रामांत आहेत, व त्यांचे सभासद आपण पाहिलेले आहेत. त्या तरुणांस गरिबांच्या घरीं कसें जावें, हें प्रथम शिकविलें तें रोझाली रेंद्यू या एका दयाकन्येनें. म्हणजे शातियोंच्या त्या वाटेवरील बायकांचा धडा पुरुषांपर्यंत पोहोंचावयास दोनशें सोळा वर्षें लागलीं!

आतां आपल्या मंडळाविषयीं. आपल्या गांवीं आज अन्नावांचून मरणारा माणूस शोधूनही क्वचित् सांपडेल. परंतु मुलें आखातांत किंवा कॅनडांत नोकरीस गेलेलीं, मोठें पक्कें घर, आणि त्यांत एकटी म्हातारी आई, अशीं घरें आम्हीं गेल्या आशीर्वादफेरीच्या वेळीं मोजलीं तेव्हां तीं एकोणतीस भरलीं. महिन्याचा पैसा बँकेंत वेळेवर येतो. दुपारचा डबाही येतो. ज्या घरीं जेवण पोहोंचतें पण जेवतांना समोर कोणी बसत नाहीं, अशा घरांस वर्गणीनें काय द्यावयाचें? शेवटच्या घरीं अधिक वेळ बसण्याचा तो नियम आम्हीं आपणांस मुद्दाम सविस्तर सांगितला, तो या एकोणतीस घरांसाठीं.

भगिनींनीं आमचा सल्ला विचारला म्हणून सांगतों. हिशेबाची वही त्यांनीं स्वतःकडे ठेवावी, आणि दर तीन महिन्यांनीं ती मंदिरांत सर्वांसमोर वाचून दाखवावी. बँकेंत व कचेरींत जाण्यायेण्यास कमिटींतील एक गृहस्थ मदतीस यावेत, आणि एकानें तें कबूलही केलें आहे. संख्या आरंभीं विसांच्या वर नेऊं नये. येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या मोठ्या खोलींत वारांची यादी पुरी करावयाची आहे. सोमवारापासून शुक्रवारापर्यंतचीं नांवें आलीं आहेत, रविवारासाठीं तर तिघीजणी तयार आहेत. शनिवार अद्याप मोकळा आहे.